पाठमोरी खुर्ची

नलिनीबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या केळव्याच्या आमच्या शाळेच्या फाटकात. मी आठवीत होते आणि मला उशीर झाला होता. आमची पानवेलीची वाडी शाळेच्या मागेच. सकाळी वडिलांना वेली बांधू लागायचं आणि घंटा ऐकू आली की हात स्कर्टला पुसत बांधावरून धूम ठोकायची, हा माझा रोजचा क्रम होता. उशिरा येणाऱ्यांना फाटकातच उभं करायची पद्धत होती. त्या दिवशी तिथे नेहमीच्या गुरुजींऐवजी एक उंच, सावळ्या बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी आणि पायांत पांढरे बूट. साडीवर पांढरे बूट मी प्रथमच पाहत होते.

"त्या माडापासून पळत आलीस ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मग परत जा, आणि परत पळ."

मला वाटलं, शिक्षा आहे. मी गेले आणि पळत आले. बाईंच्या मुठीत एक गोल घड्याळ होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

"नाव काय तुझं?"

"संगीता."

"उद्यापासून कबड्डीला यायचं."

"मला कबड्डी येत नाही, बाई."

"ती शिकवता येते," बाई घड्याळाच्या काचेवर बोट वाजवत म्हणाल्या. "हे शिकवता येत नाही."

घरी जाऊन मी हे वाक्य आईला सांगितलं, शेजारी सांगितलं, वाडीतल्या वेलींनाही सांगितलं असेल. बाईंनी आधी घड्याळाकडे पाहिलं होतं आणि मग माझ्याकडे, हे मात्र बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या अनेक विद्यार्थिनी लिहीत आहेत. संपादकांनी मला विषय दिला तो बाईंनी सुरू केलेल्या शारीरिक चाचण्यांचा, कारण आज बोईसरच्या शाळेत मी तेच काम करते. विषय योग्य आहे. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हा ग्रंथ हातात आल्यावर मी बाकीचे सगळे लेख वाचणार आहे, आणि बाईंनी कोणाला काय दिलं, कोणाच्या घरी त्या गेल्या, कोणाला जवळ घेतलं, हे वाचून प्रत्येक पानाला माझा जीव जळणार आहे. बाईंच्या चांगुलपणाच्या ज्या आठवणी माझ्यापाशी आहेत, त्या बहुतेक दुसऱ्या एका मुलीला मिळालेल्या चांगुलपणाच्या आहेत. मी शेजारी उभी होते, म्हणून मला ठाऊक. त्या मुलीचं नाव वनिता. ती जवळच्या माकुणसार गावची.

आधी कामाविषयी. बाई येण्यापूर्वी आमच्या भागात मुलींचा कबड्डी संघ कसा निवडायचे, तर अंगानं थोराड कोण ते पाहून, भाऊ कोणाचा खेळतो ते पाहून, आणि निवड समितीतल्या माणसाचं गाव कोणतं ते पाहून. बाई एका प्रशिक्षण शिबिराला जाऊन आल्या आणि येताना घड्याळ, मोजपट्टी आणि एक हट्ट घेऊन आल्या. प्रत्येक मुलगी किती वेगात पळते, किती वेगात वळते, उभ्यानं किती लांब आणि किती उंच उडी मारते, वजनदार चेंडू किती दूर फेकते, हे मोजल्याशिवाय त्या कोणालाही संघात घेईनात. उंच उडीसाठी शाळेची समुद्राकडची भिंत होती. बोटं चुन्यात बुडवायची, उडी मारायची आणि भिंतीवर हात उमटवायचा. त्या भिंतीवरचा सर्वांत उंच पंजा माझा होता. वनिताचा माझ्यापेक्षा चांगला हातभर खाली. शाळेला रंग देईपर्यंत तो पंजा तिथे होता आणि मी येता-जाता त्याच्याकडे पाहत असे. आरशात पाहावं तसं.

त्या चाचण्यांमुळे काय झालं, तर ज्यांचं कोणी नव्हतं अशा मुली खेळायला लागल्या. खाडीकाठच्या आल्या, डोंगराकडच्या पाड्यांवरच्या आल्या. घड्याळ आडनाव विचारत नाही, असं बाई म्हणत.

पण बाईंचं मोठेपण चाचण्या सुरू करण्यात आहे, त्याहून ते चाचणी चुकली तर ती चुकली असं म्हणण्यात आहे. एका वर्षी शाळेच्या मैदानात लग्नाचा मांडव पडला होता, म्हणून चाचण्या समुद्रकिनाऱ्यावर घ्यायचं ठरलं. बाईंनी तिथी पाहून ओहोटीची वेळ काढली. ओहोटीला आमचा किनारा दूरवर उघडा पडतो आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. केळव्याच्या मुली सकाळी वेळेवर हजर होत्या, आम्ही त्या घट्ट वाळूवर पळालो. माकुणसारकडच्या मुलींची एसटी मात्र उशिरा आली. तिथी बाईंनी पाहिली होती, एसटीनं पाहिली नव्हती. तोवर पाणी वर सरकलं होतं. घट्ट वाळूचा पट्टा बुडाला आणि त्या मुलींना वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पळावं लागलं. पाय घोट्यापर्यंत आत जात होते. वनिता सगळ्यांत शेवटी आली.

संध्याकाळी निकाल लागला. मुली टाळ्या वाजवून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "कालची चाचणी रद्द. रविवारी शाळेच्या मैदानात सगळ्यांची पुन्हा."

मुख्याध्यापक हसले. "अहो बाई, निकाल लागला की!"

"तो समुद्राचा लागलाय, सर. मुलींचा नाही."

मला इतका राग आला की मी डबा खाल्ला नाही. माझा पहिला नंबर आला होता आणि तो पुसून टाकला होता. रविवारी मी अशी पळाले की मांडवाच्या खड्ड्यांतून धूळ उठली. नंबर पुन्हा पहिलाच आला. वनिता तळातून वर सरकून मधे कुठेतरी पोचली. हे इतक्या तपशिलानं सांगायचं कारण एवढंच की नंतर जे घडलं त्याचा दोष मला वाळूला देता येत नाही. चाचणी सरळ झाली होती, आकडे खरे होते आणि ते माझे होते.

त्याच वर्षी बाहेरगावच्या एका निवासी क्रीडा केंद्रानं आमच्या भागातून एक मुलगी मागितली. एकच. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथे. तिथून पुढे राज्याचा संघ. शिफारस बाईंनी करायची होती. चाचण्या झाल्या, मग एक दिवस सामने खेळवले गेले आणि बाई निवडीला बसल्या.

बाई निवडीला कशा बसतात, हे या ग्रंथाच्या बऱ्याच वाचकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कबड्डीत मुलगी बाद झाली की मैदानाच्या कडेला आखलेल्या एका चौकोनात जाऊन बसते. तिच्या बाजूनं समोरची एक बाद केली की ती उठते आणि पुन्हा खेळायला जाते. सगळं जग मैदानाकडे तोंड करून बसतं. बाई खुर्ची उचलायच्या आणि मैदानाकडे पाठ करून, त्या बाद मुलींच्या चौकोनाकडे तोंड करून बसायच्या. टाळ्या पडल्या तरी वळायच्या नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मैदान बघायला पंच आहेत, लोक आहेत. चढाई करताना सगळ्याच झाशीच्या राणी दिसतात. बाद झाल्यावर कोण काय करतं, ते मला बघू दे."

कोणी मातीत रेघोट्या ओढत बसे, कोणी रडे, कोणी आपल्याला नीट धरलंच नव्हतं म्हणून शेजारणीशी भांडे. वनिता सारखी बाद व्हायची. आणि चौकोनात बसून तिचं तोंड अखंड चालू असायचं. "ए, डावी कोपऱ्याची पुडं सरकतेय, बगा! दम संपलाय चढणारीचा, आता धरा! आरं धरा की, मुहूर्त बगताय काय?" बाई तिच्याकडे पाहत हसायच्या.

मी त्या दिवशीही बाद झाले नाही. एकदाही नाही. माझ्या पायाला कोणाचा हात लागला नाही. मी चढाईवर चढाई मारत होते आणि प्रत्येक वेळी परत येताना बाईंकडे पाहत होते, आणि मला दिसत होता तो त्यांचा अंबाडा. संध्याकाळपर्यंत त्या अंबाड्यातल्या काट्यांची जागासुद्धा मला पाठ झाली होती. मी सगळ्यांत चांगली खेळले आणि बाईंनी मला पाहिलंच नाही. खरं म्हणजे, चांगली खेळले म्हणूनच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. "वनिता जाईल," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी ते गोल घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "संगीता, लहान मुलींच्या चाचण्या आता तू घ्यायच्या. तुझा हात स्थिर आहे."

बाहेर आल्यावर वनिता कावरीबावरी झाली होती. "संगे, तूच जायला पायजे होतीस गं. मी कुठं पळते तुझ्यासारकी?"

"मग बाईंना जाऊन सांग तसं," मी म्हणाले.

"नाय सांगनार," ती म्हणाली आणि हसली. "मला जायचंय."

त्या हसण्याबद्दल मी तिला कधी क्षमा केली नाही, आणि त्या हसण्यामुळेच ती आजवर माझी मैत्रीण आहे.

वनिताच्या घरून परवानगी मिळणं सोपं नव्हतं. तिची आई बाजारात खाडीच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायला बसायची. मुलगी लांब जाणार आणि आखूड चड्डी घालून खेळणार, हे तिला मान्य नव्हतं. बाई दर बाजाराला तिच्यापुढे जाऊन उभ्या राहायच्या. एकदा घड्याळवाली म्हणून मीही बरोबर होते.

"बाय, गिऱ्हाइकाच्या वाटेत उबी राऊ नका," वनिताची आई म्हणाली. "चिंबोऱ्या घ्यायच्या तर घ्या. पोरीचं मागून बोलू."

"बरं, द्या."

"किती?"

"मुलीचं बोलून होईल इतक्या."

आजूबाजूच्या बाया खो खो हसल्या. वनिताची आईही हसली, पण हो म्हणाली नाही. बाईंनी चिंबोऱ्या घेतल्या. आता, बाई मासेमटण खात नाहीत. त्यामुळे त्या चिंबोऱ्या आमच्या घरी आल्या. पुढच्या बाजाराला पुन्हा आल्या. वनिताच्या आईनं होकार देईपर्यंत आमच्याकडे दर बाजाराला चिंबोऱ्यांचं कालवण होत होतं. वडील बोटं चाटत म्हणायचे, "बाई देवमाणूस आहे हो!" आणि मी नांगी फोडता फोडता विचार करायचे की माझ्यासाठी बाईंना कोणापुढे उभं राहावं लागलं असतं? कोणापुढेही नाही. माझे आईवडील पहिल्याच शब्दाला हो म्हणाले असते. सोपी मुलगी असण्यात हा तोटा असतो.

जाण्याच्या आदल्या रात्री वनिता बाईंच्या घरी मुक्कामाला होती. संध्याकाळी घड्याळाची किल्ली विचारायचं निमित्त करून मी गेले. ओसरीवर बाई वनिताची वेणी घालत होत्या. गच्च, पेडात पेड बसवून, खेळताना सुटू नये अशी. मी दारातून परत फिरले. घरी आईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "माझी वेणी घाल." आई म्हणाली, "ही काय वेणीची वेळ?" तरी तिनं घातली. चांगली घातली होती. मी ती सोडून टाकली.

वनिता पुढे राज्याच्या संघातून खेळली, खेळाडू म्हणून तिला सरकारी नोकरी लागली, आता ती स्वतः मुली घडवते. मी पालघरच्या कॉलेजात गेले आणि काही वर्षं जिल्ह्याकडून खेळले. जोवर समोरच्या मुलींना माझ्या पायाला हात लावता येत नव्हता, तोवर मी उत्तम होते. मोठ्या संघांतल्या मुलींनी हात लावला, आणि तेव्हा मी चौकोनात जाऊन नुसती मान खाली घालून बसत असे. उठल्यावरही माझ्यातलं काहीतरी तिथेच बसून राही. यावरून बाईंचा निर्णय बरोबर होता असं कोणी म्हणेल. मी दुसरंही म्हणू शकते, की तिथे मला पाठवलं असतं तर बसायला आणि उठायला मी शिकले असते. दोन्ही खरं असू शकतं. एका मुलीला दोन आयुष्यं देऊन ताडून पाहता येत नाही.

चाचणीचा आकडा पुढचं सांगतो का, हा माझ्या नोकरीतला रोजचा प्रश्न आहे. पालक विचारतात, निवड समितीतले लोक विचारतात. बाईंचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते त्यांना स्वतःलाही सोडत नाही. त्या म्हणतात, "आकडा सांगतो की हिला विसरू नका. हीच निवडा, असं तो सांगत नाही. आणि माझी खुर्ची तरी काय सांगते? चौकोनात छान बसलेल्या किती मुली मी निवडल्या आणि त्या पुढे खेळल्याच नाहीत. एकीचं लग्न झालं, एक कारखान्यात लागली, एकीला कंटाळा आला. घड्याळ चुकतं तशी मीही चुकते. दोघांनी मिळून चुकलेलं बरं, निदान भांडण तरी होतं." असं स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाविषयी बोलणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. या वाक्याचासुद्धा मला हेवा वाटतो. मी माझ्या यंत्रांविषयी इतकं मोकळं बोलू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी बोईसरला एका कारखान्याच्या मैदानावर अशीच निवड होती. चाचण्या मी घेतल्या. आता मुठीतलं घड्याळ गेलं, दोन खांबांमधून मुलगी गेली की यंत्र आपोआप वेळ दाखवतं. निवडीला बाईंना खास बोलावलं होतं. रोशनी नावाच्या एका मुलीचे आकडे सगळ्यांच्या वर आले. तिचे वडील जवळच्याच कारखान्यात कामाला. सामने सुरू झाले. बाई नेहमीसारख्या मैदानाकडे पाठ करून बसल्या. रोशनीला कोणी हात लावू शकेना. ती काही चौकोनात येईना. समितीतले एक सर म्हणाले, "पळते छान, पण खेळ कच्चा आहे," आणि दुसऱ्या नावाकडे वळले.

तिचे वडील जाळीपलीकडून ऐकत होते. त्यांनी मला हाक मारली. "मॅडम, नंबर तो मेरी बच्ची का सबसे अच्छा है ना?"

"हां, भैया."

"तो फिर दिक्कत क्या है?"

हाच प्रश्न मी इतकी वर्षं मराठीत विचारत आले होते.

बाईंनी ते ऐकलं असावं. त्या उठल्या. खुर्चीची पाठ धरली आणि खुर्ची मैदानाकडे वळवली. मग बसल्या आणि म्हणाल्या, "अजून एक डाव खेळवा. मला या मुलीला बघायचंय."

संपूर्ण डाव त्यांनी रोशनीला पाहिलं. डाव्या पायानं ती कशी फसवते, परत येताना रेषेपाशी कशी थबकते, दम सोडताना तोंड कसं करते. मी यंत्रापाशी उभी राहून बाईंचा चेहरा पाहत होते. मैदानाकडे पाहतानाचा तो चेहरा मी प्रथमच समोरून पाहत होते, आणि तो माझ्यासाठी नव्हता. वयाच्या चाळिशीत एका लहान मुलीचा मत्सर वाटणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. हातातलं काहीतरी जमिनीवर आपटावं असं वाटलं. यंत्र शाळेचं होतं म्हणून आपटलं नाही.

"हिला घ्या," डाव संपल्यावर बाई म्हणाल्या. रोशनीला घेतलं गेलं. ती पुढे काय करील ते मला ठाऊक नाही. बाईंनाही नाही.

परत जाताना रिक्षात मी विचारलं, "बाई, आज खुर्ची का वळवलीत?"

"ऊन येत होतं डोळ्यांवर," बाई म्हणाल्या आणि बाहेर पाहू लागल्या. ऊन दिवसभर आमच्या पाठीमागून येत होतं.

या वर्षी बाईंना पंचाहत्तरावं लागलं तेव्हा आम्ही जुन्या मुलींनी त्यांना विचारलं, काय हवं? शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं त्यांनी बाजूला सारलं. "तुमचा एक सामना लावा. केळव्याच्या वाळूवर. ओहोटीची वेळ मी काढते, आणि एसटीनं येणाऱ्या सगळ्या येईपर्यंत सुरू करायचा नाही."

सुरूच्या बनासमोर, घट्ट वाळूवर मैदान आखलं. आम्ही सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. कोणी सलवारीवर, कोणी मुलाची ट्रॅकपँट चढवून आलेली, दोघींच्या गुडघ्याला पट्टे. वनिता समोरच्या बाजूला होती. बाईंच्या डोळ्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, लांबचं त्यांना नीट दिसत नव्हतं. म्हणून दोन्ही बाजूंच्या बाद खेळाडूंचे चौकोन नियमाबाहेर जाऊन त्यांच्या खुर्चीच्या दोन अंगांना, अगदी जवळ आखले. खुर्ची अर्थातच मैदानाकडे पाठ करून.

मी चढाईला गेले.

"ये, ये संगे," वनिता कोपऱ्यातून म्हणाली. "आज घड्याळ नाय आनलंस?"

"हळू धर गं वने, माझी कंबर दुखतेय."

"कंबर कशाला? मी पाय धरनार हाय."

आणि तिनं धरला. घोट्यावर तिचे दोन्ही हात असे पडले की मी पुढे वाळूत तोंडावर पडले. किनाराभर आरडाओरडा. "संगीता बाद! अगं, संगीता बाद झाली!" जणू काही सूर्य पश्चिमेला उगवला. माझ्या बाजूच्या मुलीसुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

मी वाळू झाडत गेले आणि चौकोनात बसले. वाळू गार होती. समोर, हाताच्या अंतरावर, बाई होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. मधे घड्याळ नव्हतं.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

"आले, बाई."

"किती वेळ लावलास गं."

मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "बाई, तेव्हा माझं नाव का नाही दिलंत? आकडे माझे होते."

मागे मैदानात कोणीतरी ओरडत होतं, त्यांनी वळून पाहिलं नाही.

"तुझे आकडे इतके चांगले होते," त्या म्हणाल्या, "की मला दुसरं काही दिसेना. तू बाद झाल्यावर कशी असतेस, ते मला माहीत नव्हतं. एकटी, परक्या गावी, पडलीस तर काय करशील, काही माहीत नव्हतं. वनिताचं माहीत होतं. माहीत असलेली मुलगी मी पाठवली." मग त्यांनी माझ्या केसांतली वाळू बोटानं काढली. "तुझ्यासाठी खुर्ची वळवायला हवी होती. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. फार उशिरा आलं. बोईसरला."

"तिथे डोळ्यांवर ऊन नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतंच."

"मग आता बघा. बाद झाल्यावर कशी दिसते मी?"

बाईंनी ऑपरेशन केलेला डोळा बारीक करून, सावकाश, नीट पाहिलं. निवडीला बसल्यावर पाहायच्या तसं.

"चिडलेली," त्या म्हणाल्या. "छान दिसतेस."

तेवढ्यात मागे गलका झाला. वनिता चढाईला आली होती आणि आमच्या मुलींनी तिला मधोमध धरून पाडलं होतं. ती बाद, म्हणजे आमच्यातली एक जिवंत. चौकोनात मी एकटीच होते. शिट्टी वाजली.

"संगीता, ऊठ! चल, आत ये!"

वनिता धापा टाकत आली आणि खुर्चीच्या दुसऱ्या अंगाला बसली. "ऊठ की गं. तू जिवंत झालीस. आता माझी पाळी बाईंशी बोलायची."

"तू गप बस," मी म्हणाले. "तुझं सगळं बोलून झालंय."

"बाई, हिला उठवा! आमचा डाव थांबलाय!"

बाई हसत होत्या. मी उठले नाही. पंच झालेली आमची मैत्रीण पुन्हा पुन्हा शिट्टी वाजवत होती, मैदानातून सगळ्या माझ्या नावानं ओरडत होत्या. मी त्या गार वाळूत आणखी थोडा वेळ बसून राहिले आणि बाईंनी मला ऊठ म्हटलं नाही.

नलिनीबाईंना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो. दोन्ही डोळ्यांना दूरचं आणि जवळचं स्वच्छ दिसो, पांढऱ्या बुटांतले पाय वाळूवर घट्ट पडोत, आणि ज्या मुलींनी त्यांना अजून पाहिलेलंही नाही त्यांच्यासाठी ती खुर्ची हवी तिकडे वळत राहो. शतक पूर्ण करा म्हणायची रीत आहे. मी एवढंच म्हणते की, बाई, दर वर्षी ओहोटीची वेळ काढून आम्हाला बोलवा. मी येईन, आणि पहिल्याच चढाईत वनिताला पाय देईन.